सत्तरीतल्या वाचनालयासाठी सोर्सपासून बांधलेली इमेज : अनुभव, अडचणी आणि एक विनंती

म्हादईकाठ
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात एक छोटं वाचनालय आहे. दोन खोल्या, वर कौलं, समोर देवळाचं पटांगण. दर्शनी भिंतीवर एक टीव्ही लावलाय. त्यावर वाचनालयाच्या वेळा, नवी आलेली पुस्तकं, देवळातले कार्यक्रम आणि भजनी मंडळाच्या तालमींचं वेळापत्रक फिरत असतं. संध्याकाळी मुलं जमली की त्याच यंत्रावर गावातल्या घुमट आरत्यांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतात. टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय ३ आहे, म्हणजे मेमरी कार्डावरून चालणारा छोटा संगणक.

हे सगळं आम्ही आधी एका पुरवठादाराकडून तयार घेतलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात कार्ड तीनदा गेलं. मिरग लागला की आमच्याकडे वीज किती वेळा जाते-येते ते इथल्या सत्तरी-सांग्याच्या लोकांना सांगायला नको. दर वेळी कार्ड काढून त्यांच्याकडे पाठवायचं आणि आठवडाभर टीव्ही काळा. तिसऱ्यांदा त्यांनी कळवलं की ज्याने ते कार्ड तयार केलं तो नोकरी सोडून गेला आणि मूळ प्रत सापडत नाही. मी कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स (मूळ कोड) मागितला. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. ज्याच्या हातात बायनरी (सोर्समधून बांधलेला तयार प्रोग्रॅम) दिली त्याने मागितला तर सोर्स द्यायलाच हवा, हेही पत्रात लिहिलं. उत्तर आलं नाही.

त्या दिवशी ठरवलं की इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची पूर्ण सिस्टिमची फाइल, आपणच बांधायची. आणि ती अशी बांधायची की उद्या मी गावात नसलो तरी दुसऱ्या कुणाला ती तशीच्या तशी पुन्हा बांधता यावी. चार महिने लागले. आता चालते आहे.

मी बिल्डरूट वापरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बिल्डरूट आधी आपल्या संगणकावर क्रॉस कंपायलर तयार करतं, म्हणजे इंटेलच्या यंत्रावर बसून पायच्या एआरएम प्रोसेसरसाठी कोड बनवणारा कंपायलर. मग त्याच कंपायलरने कर्नल, बिझीबॉक्स (मूलभूत कमांडांचा संच), लायब्रऱ्या, आपला प्रोग्रॅम असं एकेक पॅकेज सोर्समधून बांधतं आणि शेवटी कार्डावर थेट लिहिता येईल अशी एक फाइल हातात देतं. सुरुवात फार सोपी आहे. पाय ३ साठीची डेफकॉन्फिग (तयार सेटिंगची फाइल) निवडायची, मेन्यूकॉन्फिगच्या यादीत हवं ते टिकमार्क करायचं आणि मेक ही कमांड द्यायची. रात्री जेवून लावलं की सकाळी चहाच्या वेळी आउटपुटच्या इमेजेस फोल्डरमध्ये एसडीकार्डची फाइल तयार असते.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. तीन ठिकाणी मी बराच अडकलो, ती तिन्ही सांगतो.

पहिलं. वीज गेल्यावर कार्ड बिघडू नये म्हणून मूळ फाइलसिस्टिम स्क्वॅशएफएसमध्ये ठेवायची ठरवली. ती फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिलंच जात नाही. बिल्डरूटमध्ये पर्याय चालू केला, कर्नलला सुरुवातीच्या सूचना देणाऱ्या सीएमडीलाइनच्या फाइलमध्ये रूटचा (मूळ फाइलसिस्टिमचा) प्रकार बदलला, कार्ड घातलं, आणि पडद्यावर कर्नल पॅनिक: रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही. दोन दिवस मी कार्डालाच दोष देत होतो. कारण असं निघालं की माझ्या कर्नलच्या कॉन्फिगमध्ये स्क्वॅशएफएस हे मॉड्यूल, म्हणजे नंतर चढवायचा वेगळा तुकडा, म्हणून होतं. मॉड्यूल ठेवलेलं स्क्वॅशएफएसच्या आत, आणि ते उघडायला लागतं तेच मॉड्यूल. कर्नलच्या फ्रॅगमेंट फाइलमध्ये एक ओळ टाकून ते कर्नलमध्येच घेतलं आणि यंत्र उठलं.

दुसरं, देवनागरी. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. आमचा टीव्हीवरच्या फलकाचा प्रोग्रॅम एसडीएल२ या लायब्ररीवर लिहिलेला आहे, अक्षरं तिच्या जोडीचं एसडीएल२_टीटीएफ काढतं. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट मी ओव्हरलेमधून (इमेजमध्ये जशाच्या तशा जाणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमधून) आत टाकला. पहिल्यांदा पडदा लागला तेव्हा वेळापत्रकात 'विठ्ठल' असा दिसत होता: आधी व, त्याच्या उजवीकडे सुटा इकार, मग पाय मोडलेला ठ, मग दुसरा ठ, मग ल. फॉन्ट बरोबर होता, सगळी अक्षरं होती, पण ती एकमेकांना भेटत नव्हती. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर साठवला जातो आणि दिसताना व्यंजनाच्या आधी काढावा लागतो; जोडाक्षरांसाठी फॉन्टमधली वेगळी चित्रं निवडावी लागतात. हे काम हार्फबझ ही लायब्ररी करते आणि ती मी निवडलेलीच नव्हती.

मग मेन्यूकॉन्फिगमध्ये जाऊन हार्फबझ निवडली, पुन्हा मेक केलं, कार्ड लिहिलं. विठ्ठल तसाच. हार्फबझ इमेजमध्ये होती, मी स्वतः फाइल बघितली. शेवटी बिल्डरूटची पुस्तिका शांतपणे वाचली. एसडीएल२_टीटीएफ आधीच बांधून झालं होतं, हार्फबझशिवाय. नंतर हार्फबझ आली म्हणून बिल्डरूट त्याला आपणहून पुन्हा बांधत नाही; कॉन्फिग बदलली की कुणाकुणाला पुन्हा बांधायचं याचा हिशेब ते ठेवत नाही, तो आपण ठेवायचा. एसडीएल२_टीटीएफचं डिरक्लीन केलं, म्हणजे बांधलेलं पुसून टाकलं, पुन्हा मेक. त्या रात्री साडेअकरा वाजता घरातल्या टीव्हीवर 'विठ्ठल' नीट उमटला तेव्हा मी आईला झोपेतून उठवून दाखवला.

तिसरं थोडक्यात. पाय ३ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेट नसताना यंत्र उठलं की तारीख १ जानेवारी १९७०. डीएस३२३१ चिप असलेलं आरटीसी (बॅटरीवर चालणारं घड्याळ) बसवलं, कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये त्याचा ओव्हरले (इथे अर्थ हार्डवेअरची नोंद) दिला, प्रश्न सुटला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'सगळं सोर्समधून' असं मी म्हणतो, पण पायवर सुरुवातीला जे फर्मवेअर चालतं, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर कार्डाच्या फॅट विभाजनातून (पार्टिशनमधून) जी स्टार्टची फाइल उचलतो ती, बंद बायनरीच आहे. ती आहे तशी घ्यावी लागते.

आता विनंती. आजपर्यंत ही इमेज फक्त माझ्या संगणकावर बांधली गेलीय. म्हणजे त्या पुरवठादाराच्या आणि माझ्या परिस्थितीत खरं तर काहीच फरक नाही. इथल्या कुणीतरी, माझ्या मदतीशिवाय, फक्त मी दिलेल्या फोल्डरवरून ती बांधून बघावी. आणि दोन प्रश्न: पुढे योक्टोकडे, म्हणजे इमेज बांधायच्या दुसऱ्या मोठ्या साधनाकडे, जावं का? आणि अपडेटचं काय करावं?


आंतरुज
रविवार, रात्री ११.१५

अभिनंदन. देवनागरीचा किस्सा वाचनखूण म्हणून साठवला.

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, रोजचं काम योक्टोवर. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जाऊ नकोस. निदान या कामासाठी तरी नको.

योक्टो चांगलं की बिल्डरूट चांगलं असा वाद मी घालत नाही. योक्टो प्रकल्प २०१० साली लिनक्स फाउंडेशनखाली उभा राहिला, त्याच्या मुळाशी असलेलं ओपनएम्बेडेड त्याही आधीचं. त्याची रचना लेयर (थर) आणि रेसिपी (एकेक पॅकेज कसं बांधायचं ते) अशी आहे. हार्डवेअरचा एक लेयर, कंपनीचा एक, उत्पादनाचा एक. आमच्याकडे एकाच सॉफ्टवेअरवर चार वेगवेगळे बोर्ड चालतात, तीन टीम त्यावर काम करतात. तिथे हे लेयर जीव वाचवतात. तुला जो हार्फबझचा त्रास झाला तो बिटबेकमध्ये, म्हणजे योक्टोच्या बांधणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, झाला नसता. प्रत्येक कामाच्या इनपुटची सही तो जपून ठेवतो. एक अवलंबन बदललं की त्यावर उभं असलेलं सगळं आपोआप पुन्हा बांधलं जातं, बाकीचं शेअर्ड स्टेटच्या, म्हणजे आधी बांधून ठेवलेल्या, साठ्यातून उचललं जातं.

पण त्याची किंमत बघ. जुन्या मार्गदर्शिकेत ९० जीबी मोकळी जागा मागायचे, नव्यात १४० जीबी आणि ३२ जीबी रॅम. एखादं व्हेरिएबल नेमकं कुठून आलं हे शोधायला आमच्याकडे नव्या मुलांना आठवडा लागतो. तुझं एक यंत्र, एक बोर्ड, एक प्रोग्रॅम. आणि तुझी मुख्य अट आहे की दुसऱ्या कुणाला ते समजावं. बिल्डरूट म्हणजे मेकफाइल आणि कर्नलसारखाच मेन्यू. कॉलेजातलं पोर दोन दिवसांत वाचून काढेल.

एकच कर: बिल्डरूटच्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. फेब्रुवारीची धर, ती जास्त काळ सांभाळली जाते. आणि तुझ्या फाइली बिल्डरूटच्या झाडात (त्याच्या मूळ फोल्डरांत) मिसळलेल्या असतील तर आजच बाहेर काढ. बीआर२_एक्स्टर्नल वापर. बिल्डरूट एका बाजूला अस्पर्शित, तुझी कॉन्फिग, ओव्हरले, पॅच आणि फलकाचा प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला. नाहीतर पुढची आवृत्ती घेताना आपलं काय आणि त्यांचं काय हेच कळणार नाही.

अपडेटसाठी आम्ही ए आणि बी अशी दोन विभाजनं ठेवतो, आरएयूसी हे अपडेटचं साधन वापरतो. नवं बिघडलं तर यंत्र जुन्यावर परत येतं. एका टीव्हीसाठी मी सांगेन: दुसरं कार्ड लिहून, नीट तपासून, पाकिटात घालून टीव्हीच्या मागे चिकटवून ठेव. पहिलं गेलं तर ग्रंथपाल स्वतः बदलू शकतील.


तिसवाडीकर
सोमवार, सकाळी ८.०५

मला एक मूलभूत शंका आहे, राग मानू नये. एवढा खटाटोप कशाला? रास्पबेरी पाय ओएस घ्या, रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाइलसिस्टिमचा पर्याय चालू करा, कार्ड वाचण्यापुरतं होतं. फॉन्ट, पँगो (मजकूर मांडणारी लायब्ररी), हार्फबझ सगळं आयतं असतं. इमेजच हवी असेल तर पाय-जेन आहे, खुद्द पाय ओएसची इमेज त्यावरच बनते. मी पणजीत दोन ठिकाणी असंच केलंय आणि चालतंय.


म्हादईकाठ
सोमवार, दुपारी १.२०

तिसवाडीकर, रागाचा प्रश्नच नाही, तुमची पद्धत चुकीची नाही. पाय-जेनही मी आधी करून पाहिलं. ते डेबियन या लिनक्सच्या आधीच बांधलेल्या पॅकेजांतून इमेज रचतं आणि ज्या दिवशी चालवाल त्या दिवशीच्या पॅकेजांतून रचतं. आज बांधलेली आणि पुढच्या चवथीला बांधलेली इमेज वेगळी असणार. पणजीत नेट चोवीस तास आहे, सुधारणा मिळत राहतात, तिथे ते योग्यच. आमच्याकडे नेट भरवशाचं नाही. मला असं हवं होतं की एका हार्ड डिस्कवर सगळं असावं आणि इंटरनेट न लावता तीच इमेज पुन्हा निघावी.

बिल्डरूटमध्ये 'मेक सोर्स' म्हटलं की निवडलेल्या सगळ्या पॅकेजांचे सोर्स एका फोल्डरमध्ये उतरतात. बहुतेक पॅकेजांसोबत हॅश फाइल (मजकुरावरून काढलेला ठसा) असते, उतरलेला टारबॉल, म्हणजे सोर्सचं गाठोडं, तिच्याशी ताडला जातो, जुळला नाही तर काम तिथेच थांबतं. तो फोल्डर, बिल्डरूट आणि माझा एक्स्टर्नल फोल्डर (आंतरुज, काल रात्रीच बाहेर काढला, देव बरें करूं) असं सगळं एका डिस्कवर आहे.

दुसरं कारण सांगतो. जे यंत्रात आहे ते मला माहीत असावं असं वाटतं. इथे जे मी निवडलं नाही किंवा निवडलेल्याला लागत नाही ते आत नाही. मेक लीगल-इन्फो केलं की कुठलं पॅकेज कुठल्या परवान्याखाली, त्याची पूर्ण यादी आणि सोर्स एका जागी निघतात. वाचनालयाला यंत्र देताना ती यादीही दिली. आम्हाला जी वागणूक मिळाली ती आमच्याकडून कुणाला मिळू नये.


आंतरुज
सोमवार, दुपारी २.१०

एक राहिलं. आरत्यांची ध्वनिमुद्रणं त्याच कार्डावर तिसऱ्या विभाजनात आहेत का? असतील तर हलव. कार्डाच्या आतला कंट्रोलर विभाजन ओळखत नाही. तो आपल्या सोयीने ब्लॉक हलवत, पुसत असतो. लिहिताना वीज गेली तर ज्याला तू हातही लावला नव्हतास असा भागही जाऊ शकतो. लिहायचं ते वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेव, मग कार्डावर खरोखर कधीच लिहिलं जाणार नाही. आणि वॉचडॉग चालू कर, म्हणजे वेळेत थोपटलं नाही तर यंत्र पुन्हा सुरू करणारा टायमर. पायचा जास्तीत जास्त पंधरा सेकंदांचा आहे, बिझीबॉक्सच्या वॉचडॉगने त्याला दर पाच सेकंदांनी थोपटत राहा. यंत्रच गोठलं आणि थोपटणं थांबलं की ते आपोआप पुन्हा सुरू होईल.


तिसवाडीकर
सोमवार, दुपारी ३.००

पटलं. विशेषतः डिस्कचं. एक काळजी मात्र घ्या: बिल्डरूटमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड डीफॉल्टने रिकामा असतो. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) ठेवलं असेल तर आधी तो भरा.


बार्देसची_लाट
सोमवार, रात्री १०.३०

इथे अँड्रॉइडवाल्यांनी काही लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. जुन्या फोनसाठी लिनिएजओएस (अँड्रॉइडची एक मुक्त आवृत्ती) सोर्समधून बांधायचा प्रयत्न मी गेल्या पावसाळ्यात केला. ज्यांना वाटतं की फोनची रॉम (पूर्ण सिस्टिम) बांधणं म्हणजे असंच काहीतरी, त्यांनी आकडे आधी बघावेत. गूगलच्या मूळ अँड्रॉइडसाठी ४०० जीबी जागा सांगितलेली आहे, २५० सोर्स उतरवायला आणि १५० बांधायला, सोबत ६४ जीबी रॅम. लिनिएजला थोडं कमी लागतं. माझं रेपो सिंक, म्हणजे सोर्स उतरवणं, म्हापशात तीन रात्री चाललं. डेप्थ १ दिलं की जुना इतिहास उतरत नाही आणि बरंच वाचतं, हे मला तिसऱ्या रात्री कळलं. वर कॅमेरा, मोडेमच्या बंद फाइली चालू फोनमधून उपसाव्या लागतात. बांधून झालं, फोन चालतोय, आनंद आहे. पण पहिला धडा म्हणून बिल्डरूटच बरं.


फर्मागुडी_तिसरं_वर्ष
मंगळवार, दुपारी १२.४५

नमस्कार सर. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमची विनंती वाचली. मी करून बघू का? माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, विंडोज, त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय). लिनक्स थोडं येतं, हे कधीच केलेलं नाही. माझं आजोळ वाळपईला आहे, तेव्हा डिस्क घ्यायला येता येईल.


म्हादईकाठ
मंगळवार, दुपारी १.३०

अवश्य ये, बाय. तू हे कधी केलेलं नाहीस हेच हवं आहे. डिस्कवरच्या वाचामी (रीडमी) फाइलमध्ये जे लिहिलंय तेवढंच कर. जिथे अडशील तिथे ती माझ्या लिहिण्यातली उणीव, तुझी नाही. फक्त इथे लिही, म्हणजे मी फाइल सुधारतो.


जुना_वाचक
मंगळवार, रात्री ८.५०

मी या वाचनालयाचा बरीच वर्षं सभासद आहे, कार्यकारी समितीतही होतो. मला संगणकातलं फारसं कळत नाही, नातवाने हा धागा वाचून दाखवला.

आमच्या गावात अनेक चांगल्या गोष्टी एका माणसाच्या जिवावर सुरू झाल्या. नाट्यमंडळाचे पडदे रंगवणारा एक गृहस्थ होता. तो गेला आणि पडदे तसेच माळ्यावर राहिले, रंग कसा मिसळायचा ते कुणाला माहीत नव्हतं. म्हणून विचारतो. हा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला तर हे कोण सांभाळणार? डिस्क कपाटात ठेवून पुरेल का?


म्हादईकाठ
मंगळवार, रात्री १०.००

काका, तुम्ही जे विचारलंत त्यासाठीच हा धागा काढला. डिस्क कपाटात ठेवून पुरणार नाही. ती दर वर्षी एकदा कुणीतरी उघडून, त्यावरून इमेज बांधून, कार्डावर लिहून, टीव्हीवर लावून बघायला हवी. पाऊस संपला की, दिवाळीच्या आसपास. आणि ते मी करू नये. समितीने ठराव करून दोन मुलांना हे काम द्यावं असं मी लेखी दिलंय. डिस्कच्या प्रती तीन: एक वाचनालयात, एक माझ्याकडे, एक देवळाच्या कार्यालयात.


फर्मागुडी_तिसरं_वर्ष
शुक्रवार, रात्री ११.२०

डिस्क मिळाली. सर, पहिल्याच पायरीवर थांबले. मेक म्हटलं की लगेच संदेश येतो की पाथमध्ये स्पेस आहे, असं चालत नाही. मी तर कुठेच स्पेस टाकलेली नाही.


आंतरुज
शुक्रवार, रात्री ११.४०

तू टाकली नाहीस, विंडोजने टाकली. डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) आपल्या पाथला जोडतं आणि त्यात 'प्रोग्रॅम फाइल्स' असतं. डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ फाइलमध्ये इंटरॉप विभागात विंडोजचा पाथ जोडणं बंद कर आणि डब्ल्यूएसएल पुन्हा सुरू कर. दुसरं, फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवू नकोस. तिथे मोठी-छोटी अक्षरं वेगळी धरली जात नाहीत, गतीही फार कमी. लिनक्सच्या बाजूला कॉपी कर. ८ जीबीमध्ये एकाच वेळी खूप फाइली कंपाइल करायला लावल्यास तर मेमरी भरेल. जॉब्जची संख्या दोनवर आण. रूट म्हणून चालवू नकोस, गरज नसते.


म्हादईकाठ
शनिवार, सकाळी ७.१५

चारही गोष्टी वाचामीमध्ये घातल्या. मी उबुंटूवर असल्याने हे मला कधी भेटलंच नव्हतं.


तिसवाडीकर
शनिवार, सकाळी १०.३०

ती बांधतेय तोवर एक मुद्दा मांडतो. वर हॅशचा उल्लेख आला. हॅश जुळली म्हणजे टारबॉल सुरक्षित, असं समजू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं काय झालं ते आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या अधिकृत टारबॉलमध्येच मागचा दरवाजा होता. तो उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटच्या झाडात (जिथे सोर्समधल्या प्रत्येक बदलाची नोंद असते) नव्हती, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं, तो मागे लागला आणि २९ मार्चला त्याने सगळं जाहीर केलं. हल्ला एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी) यंत्रांवर, डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधताना चालणारा होता, त्यामुळे पायवरच्या बिल्डरूटला त्याची झळ नव्हती. पण हॅश एवढंच सांगते की सगळ्यांना मिळालं तेच तुम्हालाही मिळालं.

म्हणूनच मला या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्या यंत्रावर तीच बायनरी निघते का हे. सोर्स आणि बायनरी यांच्यात मध्ये काही शिरलं नाही, हे तपासायचा तोच मार्ग आहे. डेबियनची मंडळी २०१३ पासून या रिप्रोड्युसिबल बिल्डच्या मागे आहेत.


फर्मागुडी_तिसरं_वर्ष
रविवार, संध्याकाळी ६.१०

बांधून झालं!! मध्ये वीज गेली पण लॅपटॉपची बॅटरी टिकली.

तिसवाडीकर सरांचं वाचून मी इमेजचं शा२५६ (एक प्रकारची हॅश) काढून बघितलं. वाचामीमध्ये दिलेलं आणि माझं जुळत नाही. पूर्ण कार्डाच्या फाइलचंही नाही आणि स्क्वॅशएफएसचंही नाही. माझं काही चुकलं का?


म्हादईकाठ
रविवार, संध्याकाळी ६.४०

तुझं काही चुकलेलं नाही. पूर्ण कार्डाची फाइल सोडून दे, त्यातल्या विभाजनांना दर वेळी नवे क्रमांक मिळतात. स्क्वॅशएफएस मात्र जुळायला हवी. बिल्डरूटमध्ये रिप्रोड्युसिबलचा पर्याय आहे, प्रायोगिक म्हणून दिलाय. मी तो चालू केलाय. पण त्याची अट आहे की आउटपुटचा मार्ग दोन्हीकडे एकच हवा, कारण पूर्ण मार्ग कुठे कुठे बायनरीत शिरतो. मी हे वाचामीमध्ये लिहिलं नव्हतं. एसआरव्ही फोल्डरखाली 'वाचन' नावाने ठेवून पुन्हा बांधशील का?


फर्मागुडी_तिसरं_वर्ष
सोमवार, रात्री ९.३०

बांधलं. अजूनही जुळत नाही. पण मी पुढे गेले. डिस्कवर तुमची स्क्वॅशएफएस होतीच. दोन्ही अनस्क्वॅश करून दोन फोल्डरमध्ये उघडल्या आणि आत सगळ्या फाइली एकमेकांशी ताडल्या. फक्त एक फाइल वेगळी निघाली. ईटीसी फोल्डरमध्ये 'बांधणी' नावाची. तुमच्यात तुमची तारीख-वेळ आहे, माझ्यात माझी.


म्हादईकाठ
सोमवार, रात्री ९.५५

ती फाइल माझी पोस्ट-बिल्ड स्क्रिप्ट (बांधणीच्या शेवटी चालणारी) लिहिते. कार्ड कधी बांधलं ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसावं म्हणून मीच डेट कमांड घातली होती. कंपायलर, कर्नल, सगळ्या लायब्रऱ्या जुळल्या आणि अडलं ते माझ्या एका ओळीवर. आता ती घड्याळातली वेळ न घेता गिटच्या शेवटच्या कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) तारीख लिहील. बदल पाठवतो. एकाच जागची एकच ओळ आहे, पूर्ण पुन्हा बांधायची गरज नाही, नुसतं मेक पुरेल.


फर्मागुडी_तिसरं_वर्ष
सोमवार, रात्री १०.२५

जुळलं. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं. मी तीनदा वाचली, मग रूममेटला मोठ्याने वाचायला लावून मी पडद्यावर बोट ठेवून ताडली.


आंतरुज
सोमवार, रात्री १०.४०

शाब्बास. फोल्डर उघडून फरक शोधलास, ते काम आमच्याकडे चार वर्षं नोकरी केलेलेही टाळतात. पुढच्या वेळी डिफोस्कोप वापरून बघ, नेमकं हेच करतं आणि बायनरीच्या आतला फरकही दाखवतं.


जुना_वाचक
रविवार, रात्री ८.१५

आज सकाळी ती मुलगी कदंबच्या बसने वाळपईला उतरून गावात आली. तिने बांधलेलं कार्ड ग्रंथपालांनी स्वतःच्या हाताने बसवलं. हा मुलगा मुद्दाम बाहेर पटांगणात उभा राहिला, आत आला नाही. मग मी मेन स्विच बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. मोजून दहा वेळा. दर वेळी पडदा आपोआप परत आला आणि तारीख बरोबर होती. मुलांनी आरती लावली. ती माझ्या थोरल्या भावाच्या आवाजातली निघाली.

एक सूचना आहे. खालच्या ओळीतली अक्षरं आम्हा म्हाताऱ्यांना दारातून वाचता येत नाहीत. थोडी मोठी करता येतील का?


फर्मागुडी_तिसरं_वर्ष
रविवार, रात्री ९.००

होय आजोबा. अक्षरांचा आकार ओव्हरलेमधल्या फलकाच्या सेटिंगमध्ये आहे, मला सापडला. आज रात्री बदलून बांधते. पुढच्या रविवारी आजोळी येणार आहे, तेव्हा दोन्ही कार्डं लिहून आणते, एक लावायला आणि एक टीव्हीमागच्या पाकिटात.